जुना फोटो उजळताना माणूस हरवू नये

गेल्या वर्षी माघ महिन्यात आमचे वडील गेले. तेरवीला भिंतीवर लावायला त्यांचा फोटो लगेच मिळाला. पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांचे फोटो बरेच निघाले होते. मतदार ओळखपत्राचा, बँकेच्या पासबुकाचा, नातवाच्या लग्नातला. अडचण आली ती आईच्या फोटोची. दोघांच्या फ्रेमा शेजारी शेजारी असाव्यात असे सर्वांना वाटत होते.

आई १९८१ साली गेली. तेव्हा मी पाचवीत होतो. तिचा एकच फोटो घरात आहे आणि तोही तिच्या एकटीचा नाही. १९७८ साली काकांच्या लग्नात मांडवाखाली वऱ्हाडाचा काढलेला आहे. माणसे चार ओळींत उभी आहेत. आई तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचवी, डोक्यावर पदर, कपाळावर मांडवाच्या पाल्याची सावली. पट्टी लावून मोजले तर कागदावर तिचा चेहरा ४ मिलिमीटर उंच भरतो. म्हणजे धानाच्या दाण्याहूनही लहान.

पुतण्या ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकतो. त्याने मोबाइलने त्या चेहऱ्याचा फोटो घेतला, एका ॲपमध्ये घातला आणि मिनिटभरात भलामोठा, स्वच्छ, पापण्यांचे केस मोजता यावेत असा चेहरा आमच्यापुढे धरला. घरातले सगळे हरखले. मीही हरखलो. चाळीस वर्षांनी आई दिसली म्हणून डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करायला हरकत नाही. आम्ही लगेच फ्रेम करून आणली.

तेरवीला मावशी आली. वय चौऱ्याऐंशी, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, नजर चांगली. फ्रेम मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "बाई साजरी आहे रे बापू. पण ही कोण?"

आम्ही म्हटले, "मावशी, आई नाही का ती?"

तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवले. तिथे गोंदणाचे तीन हिरवट ठिपके आहेत. "असेच तिला होते. एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीकडून दोघींनी गोंदून घेतले होते. मी रडले, ती नाही रडली. या बाईच्या हनुवटीवर काहीच नाही."

आम्ही मूळ फोटो पुन्हा भिंग लावून पाहिला. हनुवटीवर काळसर डाग होता. तो फोटोवरचा मळ असेल असे आम्ही समजलो होतो. ॲपनेही तसेच समजून तो पुसून टाकला होता.

हा प्रश्न एका घरचा नाही

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी धंद्याने कृषी विस्तार अधिकारी. फोटोच्या शास्त्रात मी मुरलेला नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या पुष्कळ घरांच्या ओसरीवर बसलो आहे, आणि भिंतीवरचे फोटो पाहिले आहेत. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या माणसाचा, विशेषतः बाईमाणसाचा, बहुधा एकच फोटो असतो. काही घरांत तोही नसतो.

त्याची कारणेही उघड आहेत. स्टुडिओ तालुक्याच्या गावी असायचा. भामरागडसारख्या भागात पर्लकोटेला पूर आला की आजही रस्ता बंद होतो, मग त्या काळी फोटोसाठी कोण जाणार? मार्कंड्याच्या जत्रेत पडद्यापुढे उभे राहून काढलेला फोटो, लग्नातला वऱ्हाडाचा फोटो, नाहीतर सरकारी कागदावरचा फोटो, एवढीच काय ती पुंजी. १९९३ नंतर मतदार ओळखपत्रे निघू लागली, तेव्हा कित्येक म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला. तो टिकलीएवढा आणि अस्पष्ट. आजोबा गेले की तेच ओळखपत्र घेऊन मुलगा स्टुडिओत जातो आणि म्हणतो, "मोठा करून द्या."

जे फोटो आहेत तेही धड राहिलेले नसतात. पावसाळ्यातली दमट हवा, चुलीचा धूर, कसर, वाळवी. धानाला आपण दरवर्षी जपतो. फोटो एकदा भिंतीला लावला की तिकडे बघत नाही.

अशा वेळी संगणक हाताशी आला आणि फोटो 'शार्प' करणारी सॉफ्टवेअरे निघाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नवा वाण आला म्हणून कोणी एकदम सगळ्या बांध्यांत लावत नाही. आधी एका बांधीत लावून बघतो, शेजारी जुना वाण ठेवतो, आणि मग ठरवतो. मी या सॉफ्टवेअरांची तशीच परीक्षा घ्यायचे ठरवले.

धार लावणे म्हणजे काय?

आधी हे काम कसे चालते ते समजून घेऊ.

फोटो धूसर दिसतो, कारण जिथे काळे संपून पांढरे सुरू व्हायला हवे ती कड पसरलेली असते. भुवई कुठे संपली आणि कपाळ कुठे सुरू झाले ते नीट कळत नाही. जुने, सरळ सॉफ्टवेअर एवढेच करते की कड जिथे आहे तिथे काळी बाजू थोडी अधिक काळी आणि पांढरी बाजू थोडी अधिक पांढरी करते. डोळ्याला वाटते की फोटो स्पष्ट झाला.

या पद्धतीला 'अनशार्प मास्क' म्हणतात. हे संगणकाच्या आधीचे तंत्र आहे. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली फिकी उलटी प्रत काढत आणि दोन्ही एकावर एक ठेवून छापत. त्या धूसर प्रतीवरूनच हे नाव पडले. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी आकाशाच्या फोटोंमधले बारीक तपशील उठवण्यासाठी हेच तंत्र वापरले. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि पुढे हे काम बटणावर होऊ लागले. 'गिम्प' नावाचे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते, आणि त्यातही ही सोय आहे.

या पद्धतीचा गुण असा की ती नवे काही आणत नाही. तिचा दोषही तोच. कागदावर जे उमटलेलेच नाही ते ती दाखवू शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चेहरा भरणारी सॉफ्टवेअरे

अलीकडे दुसऱ्या जातीची सॉफ्टवेअरे आली आहेत. मोबाइलवरची बहुतेक 'फोटो उजळा' म्हणणारी ॲप याच जातीची. ती कड उठवून थांबत नाहीत, चेहरा नव्याने भरतात.

त्यांची रीत अशी. संगणकाला आधी हजारो स्वच्छ चेहरे दाखवतात. एन्व्हिडिया कंपनीने २०१९ साली खुला केलेला ७०,००० चेहऱ्यांचा एक संग्रह या कामी फार वापरला जातो. ते फोटो फ्लिकर या संकेतस्थळावर लोकांनी ठेवलेल्या फोटोंतून घेतलेले आहेत. २०२१ चे 'जीएफपीगॅन' आणि २०२२ चे 'कोडफॉर्मर' ही दोन नावाजलेली सॉफ्टवेअरे याच संग्रहावर शिकली. एवढे चेहरे पाहिले की डोळा साधारण कसा असतो, ओठ कसे असतात, याचा संगणकाला अंदाज येतो. मग आपण धूसर चेहरा दिला की तो त्या अंदाजाने रिकाम्या जागा भरतो.

आता विचार करा. फ्लिकरवर फोटो ठेवणाऱ्यांत धानोरा-एटापल्लीकडच्या म्हाताऱ्या बायका किती असतील? कपाळावर, हनुवटीवर गोंदण असलेले चेहरे त्या संगणकाने कितीसे पाहिले असतील? जे पाहिलेच नाही ते त्याला डाग वाटणार आणि तो ते पुसणार. उन्हाने रापलेली कातडी तो गुळगुळीत करणार. पडलेल्या दातांच्या जागी दात बसवणार.

हा दोष जगासमोर आलेला आहे. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 'पल्स' नावाचे सॉफ्टवेअर लोकांपुढे ठेवले. बराक ओबामा यांचा बारीक चौकोनांचा अस्पष्ट केलेला फोटो कोणीतरी त्याला दिला. बाहेर आला तो एका गोऱ्या माणसाचा चेहरा. ओबामांचा चेहरा साऱ्या जगाला ठाऊक, म्हणून चूक ताबडतोब पकडली गेली. आपल्या आईचा चेहरा ठाऊक असलेली माणसे किती उरली आहेत? आमच्याकडे एक मावशी उरली होती, म्हणून कळले.

परीक्षा कशी घेतली

सॉफ्टवेअर खरे बोलते की नाही हे बघायचे असेल, तर ज्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे गणित त्याला घालावे. आईच्या फोटोवर परीक्षा घेऊन उपयोग नव्हता, कारण खरा चेहरा ताडून बघायला दुसरा फोटोच नव्हता. म्हणून मावशीचा १९८६ सालचा स्टुडिओतला फोटो घेतला. तो पोस्टकार्डाएवढा, स्वच्छ, हनुवटीवरचे तिन्ही ठिपके स्पष्ट.

तो स्कॅन केला. मग त्याची एक प्रत मुद्दाम बिघडवली. चेहऱ्याची उंची साधारण ५० पिक्सेल राहील इतकी लहान केली आणि थोडी धूसर केली, म्हणजे आईच्या फोटोची जी दशा तीच त्याची झाली. पिक्सेल म्हणजे संगणकावरचा एक ठिपका. अशा ठिपक्यांनीच चित्र बनते.

या बिघडवलेल्या प्रतीला पाच उपचार दिले. पहिला, काहीच न करता फक्त मोठी करणे. प्रात्यक्षिकात आपण खत न दिलेला वाफा ठेवतो, तसा हा. दुसरा, गिम्पमधली हलकी धार. तिसरा, तीच धार पण भरपूर. चौथा आणि पाचवा, चेहरा भरणारी दोन सॉफ्टवेअरे. पाचही प्रती सारख्या आकारात छापल्या, मागे फक्त आकडे घातले, आणि मावशीला त्या काळी ओळखणाऱ्या गावातल्या माणसांपुढे पत्त्यांसारख्या पिसून ठेवल्या. कोणती प्रत कशाची, हे कोणाला सांगितले नाही. मावशीला मात्र यात बसवले नाही. आरशातले स्वतःचे रूप माणसाला वेगळेच आठवते.

प्रश्न दोनच विचारले. कोणता फोटो साफ दिसतो? आणि कोणत्या फोटोत मावशी दिसते?

माझ्या मते सगळी मेख या दोन प्रश्नांत आहे. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी चेहरा भरलेल्या प्रतींवर बोट ठेवले. दुसऱ्या प्रश्नाला तीच माणसे थबकली आणि हलकी धार दिलेल्या प्रतीकडे वळली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हा फोटो अंधूक आहे, पण आवाज दिला तर 'ओ' देईल असे वाटते."

स्टुडिओत आपण फक्त पहिला प्रश्न विचारतो. साफ आहे ना, झाले तर मग. दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

काय आढळले

हलकी धार दिल्यावर नाकाची रेघ, भुवया आणि पदराचा काठ उठून आले. ठिपके तिन्ही वेगळे दिसले नाहीत, पण हनुवटीवर गडद खूण आहे एवढे राहिले. म्हणजे फायदा थोडा, पण नुकसान नाही.

भरपूर धार दिल्यावर चेहऱ्याभोवती पांढरी किनार आली, गालावर कागदाचे दाणे उठले आणि मावशीला देवी येऊन गेल्यासारखे दिसू लागले. युरिया थोडा दिला तर पीक हिरवे होते, अति दिला तर लोळते. तसेच हे.

चेहरा भरणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरांनी ठिपके पुसले. एकाने नाक सरळ केले. मावशीचे नाक सरळ नाही. दुसऱ्याने ओठ किंचित उघडून दात दाखवले. मूळ फोटोत ओठ मिटलेले होते.

तरी न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. न बिघडवलेला मोठा फोटो त्याच सॉफ्टवेअरांना दिला तेव्हा निकाल बराच चांगला आला. मूळ चेहऱ्यातच भरपूर तपशील असला की त्यांना अंदाज कमी करावा लागतो. कोडफॉर्मरमध्ये तर मूळ चेहऱ्याला किती धरून राहायचे याचा ० ते १ असा काटा आहे. १ कडे नेला की ते मूळाला जास्त धरून राहते, ० कडे नेला की अधिक सुंदर करते आणि मूळापासून अधिक लांब जाते. मोबाइलच्या ॲपमध्ये असा काटा आपल्या हाती नसेल, तर ते आतून काय ठरवते ते आपल्याला कळत नाही.

एकूण निष्कर्ष असा. चेहरा जितका लहान आणि धूसर, तितके चेहरा भरणारे सॉफ्टवेअर अधिक खोटे बोलते. आणि आपण नेमका तसलाच फोटो घेऊन त्याच्याकडे जातो.

मग करावे काय?

पहिले काम, सॉफ्टवेअर शोधण्याआधी चांगला मूळ फोटो शोधावा. नातेवाईकांकडे त्याच फोटोची दुसरी प्रत आहे का, ते विचारावे. लग्नातल्या फोटोच्या प्रती दोन्ही घरांत जातात. निगेटिव्ह मिळाले तर फारच उत्तम, कारण कागदावरच्या फोटोपेक्षा त्यात तपशील जास्त असतो. आपल्याकडे त्या काळी ॲग्फा क्लिक कॅमेरे पुष्कळांकडे होते. बडोद्याला बनणारा क्लिक-३ हा कॅमेरा १२० नंबरच्या फिल्मवर ६ सेंटिमीटर चौरस निगेटिव्ह देई. पत्र्याच्या पेटीत, जुन्या पाकिटात असे निगेटिव्ह पडलेले असते आणि निरुपयोगी म्हणून फेकले जाते. ते फेकू नये.

दुसरे, मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा सपाट स्कॅनरवर स्कॅन करावा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरते. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. आमच्या ४ मिलिमीटरच्या चेहऱ्याचे गणित बघा: ३०० डीपीआयला तो ४७ पिक्सेल उंच भरतो, १२०० ला १८९. म्हणून घोळक्यातला लहान चेहरा हवा असेल तर १२०० वर स्कॅन करावा. मात्र त्यापुढे आकडा वाढवून लाभ नाही. कागदावर तेवढे बारीक उमटलेलेच नसते. निगेटिव्हला २४०० किंवा त्याहून जास्त ठेवावे, आणि त्यासाठी स्कॅनरच्या झाकणात दिवा असलेले यंत्र लागते. स्कॅनरमधली 'शार्प' आणि 'धूळ काढा' ही बटणे बंद ठेवावीत. धूळ काढणारे बटण गोंदणाचे ठिपकेही धूळ म्हणून काढते. आलेले चित्र टिफ प्रकारात जपून ठेवावे आणि त्याला हात लावू नये. काम करायचे ते त्याच्या प्रतीवर. बियाण्याची पोती आपण वेगळी ठेवतो, तसे हे.

तिसरे, फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये. दमट हवेने फोटोवरचा सरसाचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करावा. स्कॅनर नसेल तर दिवसा सावलीत फोटो सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून, फ्लॅश न लावता फोटो घ्यावा. काचेवर चकाकी येत असेल तर दोन्ही बाजूंनी तिरका उजेड पडेल असे बघावे. आणि तो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवू नये, कारण पाठवताना तो दाबून लहान केला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

चौथे, धार हलकी लावावी. गिम्पमध्ये 'फिल्टर्स' खाली 'एन्हान्स' आणि त्यात 'शार्पन' सापडते. रेडियस १ ते २ आणि अमाउंट अर्ध्याच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. पांढरी किनार दिसू लागली की थोडे मागे यावे. खरखरीत, जाळीच्या कागदावर छापलेला फोटो किंवा वर्तमानपत्रातले कात्रण असेल तर धार लावल्याने जाळीच उठते. तिथे आधी किंचित धूसर करून जाळी मोडावी आणि मग धार लावावी. धार नेहमी शेवटी, छापायच्या आकारात आणल्यावर लावावी.

पाचवे, फोटो फार मोठा छापू नये. लहान फोटो हात-दीड हात दुरून स्पष्ट दिसतो. तोच दोन फुटांचा केला की धुके होतो. आमच्या १८९ पिक्सेलच्या चेहऱ्याला ३०० डीपीआयने छापले तर तो १६ मिलिमीटर उंच येतो. एवढाच छापावा आणि भोवती रुंद कोरा कागद सोडून फ्रेम करावी.

सहावे, चेहरा भरणारे सॉफ्टवेअर वापरायचेच असेल तर अवश्य वापरा. तो काही गुन्हा नाही. पूर्वी चित्रकार फोटोवरून रंगीत तसबीर करून देत, त्यातलेच हे. पण तसबीर पाहिली की ती चित्रकाराच्या हातची आहे हे कोणालाही कळे. हा नवा चेहरा मात्र अस्सल फोटोच वाटतो, आणि वीस वर्षांनी नातवाला कोण सांगणार? म्हणून मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा, "हा चेहरा संगणकाने भरलेला आहे," आणि मूळ फोटो पाकिटात घालून त्याच फ्रेमच्या मागे ठेवा. सरकारी कागदपत्रासाठी मात्र असा फोटो वापरू नये. आणखी एक, यातली पुष्कळ ॲप आपला फोटो दुसरीकडच्या संगणकावर पाठवतात. घरातल्या मुलीबाळींचे फोटो घालताना याचा विचार करावा.

शेवटी, फोटो तयार झाला की फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी त्या माणसाला ओळखणाऱ्या सगळ्यांत वयस्कर व्यक्तीला दाखवावा. साफ आहे का, असे विचारू नये. हा कोण, असे विचारावे आणि गप्प बसावे.

आईच्या फोटोचे काय झाले

मावशीच्या त्या बोलण्यानंतर मी काकूच्या माहेरी, नागभीडकडे, चौकशी केली. लग्न त्यांच्याही घरचे होते. त्यांच्या पेटीत जमिनीच्या कागदांबरोबर त्याच फोटोची एक प्रत निघाली. तिला ना धूर लागला होता ना ऊन. १२०० डीपीआयला स्कॅन केली, हलकी धार लावली. डोळे अजूनही सावलीत आहेत. ओठांची रेघ अर्धी दिसते. पण हनुवटीवरचा तो डाग आता नुसता डाग राहिला नाही. तीन ठिपके आहेत, एक वर आणि दोन खाली.

साडेचार दशके आम्ही ज्याला फोटोवरचा मळ समजत होतो ती आईची खूण होती.

मावशीकडे तो लहानसा फोटो घेऊन गेलो. काही सांगितले नाही, फक्त हातात दिला. तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीजवळ नेला, आणि बोटाने हनुवटीपाशी हळूच टेकवले. म्हणाली, "किती लहान होती रे. तुम्ही पोरं आता तिच्याहून म्हातारे झालात."

तो गुळगुळीत, साजरा चेहरा आम्ही फ्रेममधून काढला आणि मागे लिहून कपाटात ठेवला. भिंतीवर वडिलांच्या शेजारी आता आईचा अंधूक फोटो आहे. पाहुणे कधी कधी विचारतात, फोटो साफ करून का नाही घेतला? तेव्हा मी मावशीच्या हनुवटीची गोष्ट सांगतो, आणि त्यांच्या घरी आईचा, आजीचा फोटो कोणत्या पेटीत आहे ते विचारतो. पावसाळा लागण्याआधी आपणही आपली पेटी एकदा उघडून पाहावी.